ह्या पान्याला गाव नाय

आई, आबा आता झऱ्यावर जात नाहीत. एवढं एकच वाक्य लिहावं आणि वही मिटावी, असं ठरवून बसले होते. पण वाक्य खरं असलं तरी ते वाचून जे वाटतं ते खरं नाही, म्हणून पुढे लिहिते आहे. तुला वाचता यायचं नाही. मी शाळेतून आणलेलं पुस्तक तू हातात घेऊन चित्रं बघायचीस आणि मला परत द्यायचीस. "वाच, मी आयकतंय." आताही तसंच समज. मी वाचते आहे आणि तू चुलीपाशी आहेस.

वाडी रिकामी झाली. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एका पावसाळ्यात घरांच्या मागच्या उताराला भेग पडली. कुणी दगावलं नाही. अधिकारी बघायला आले, भेगेत काठी घालून खोली अजमावून गेले, आणि पुढे सगळ्या वाडीला खाली उतरवलं. आता आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून, एकसारख्या घरांची रांग आहे. इतकी एकसारखी की सुरुवातीला आबा शेजारच्या घरात शिरून "चहा ठेव" म्हणत बसायचे. दिवे आहेत, दवाखाना लांब नाही, एसटी दारावरून जाते. पाणी मात्र बोअरचं आहे आणि ते कठीण आहे. खडकातला चुना त्यात उतरलेला असतो. साबणाला फेस येत नाही, तपेल्याला आतून पांढरा थर धरतो, डाळ कितीही उकळली तरी दाण्याचा दाणा राहते. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हटलेलं असायचं. मी तो शब्द मोठ्याने पाठ करत होते तेव्हा तू चुलीपासून विचारलं होतंस, "कोनाला शिव्या देतंस गो?"

आबांचा प्रश्न डाळीचा नव्हता. डाळ शिजली नाही तर ते सुकटीबरोबर भात खातात. त्यांना प्यायला वरचंच पाणी हवं होतं. घर खाली आलं तरी दर दोन-तीन दिवसांनी ते तेलाचा पांढरा कॅन घेऊन चढायचे, झऱ्यावर भरायचे आणि खांद्यावर घेऊन उतरायचे. ऐंशी जवळ आली होती. वाट भेगेवरूनच जाते आणि भेग दर पावसात थोडी रुंदावते. मी महाडहून रविवारी त्यांच्याकडे जायचे ती जणू भांडायलाच.

"आबा, ती भेग वाढतेय. वर जाऊ नका म्हणून पाटी लावलीय तिथे."

"भेग घरांच्या मागं हाय. झरा तिच्या वर हाय."

"पण वर जायला तिच्यावरूनच जावं लागतं ना?"

"मी वलांडून जातो. तिच्यात काय बसून ऱ्हातो?"

दादा मुंबईहून फोनवर सांगायचा, "बाटल्यांचं पाणी आणून दे त्यांना, टेन्शन घेऊ नको." मी आणलं. आबांनी त्यानं पाय धुतले. माझ्याकडे महाडला चला म्हटलं की एकच उत्तर यायचं, "लेकीच्या दारात म्हातारपन काढायचं नाय." मग मला येत होती ती एकच गोष्ट उरली. बोअरच्या पाण्याचं झऱ्याचं पाणी करायचं. ते जमलं तर आबा वर जाणार नाहीत, आणि एखाद्या रात्री डोंगर खाली आला तर त्याच्याखाली माझे वडील नसतील. मला हवं होतं ते इतकंच.

असं काम मी त्याआधी एकदा केलं होतं, तुझ्यासाठी. मला महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली तेव्हा तू मला पितळी फुलपात्र दिलंस. "कंपनीत कोनाच्या उष्ट्या गिलासातनं पिऊ नको." मी तिथे बॉयलरच्या पाण्याचं बघते, तेव्हाही आणि आजही. कठीण पाणी दिलं तर बॉयलरच्या नळ्यांना आतून दगड धरतो, म्हणून ते आधी मऊ करावं लागतं. नोकरीला वर्ष झालं नसेल तोच तू आजारी पडलीस आणि दवाखान्यासाठी माझ्या भाड्याच्या खोलीवर येऊन राहिलीस. पहिल्या दिवशी मी कामावरून परत आले तर तू स्टोव्हपुढे बसलेली, पातेल्यात तुरीची डाळ, वर पिवळं पाणी आणि खाली दाणे तसेच. "माझ्या हातची डाळ कधी कच्ची ऱ्हायली नव्हती," एवढंच म्हणालीस. डॉक्टरांनी सांगितलेलं तुला इतकं लागलं नव्हतं. तुझ्या हातात काही बिघडलं आहे असं तुला वाटत होतं आणि मी पाण्याचा दोष आहे म्हणून सांगितलेलं तुला खोटं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारून कारखान्यातलं मऊ पाणी कॅन भरून आणलं.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. तू पाटावर बसली आहेस, मी जमिनीवर. तू कॅनचं झाकण काढून आत बघतेस.

"ह्यातला चुना कुठं गेला?"

मी तुला सांगते की टाकीत पिवळे बारीक मणी असतात, खसखशीपेक्षा जरा मोठे. प्रत्येक मण्याला मिठातला एक अंश चिकटलेला असतो. पाणी वरून खाली जातं तेव्हा मणी पाण्यातला चुना धरतात आणि बदल्यात मिठाचा अंश पाण्यात सोडतात. मणी चुन्याने भरले की त्यांना मिठाचं दाट पाणी द्यायचं. मग ते चुना सोडतात, मीठ घेतात आणि पुन्हा कामाला तयार होतात.

तू झाकण परत लावतेस. "म्हंजे काढलं काय नाय. घेतलं तेवढं घातलं."

हो, मी म्हणते, तसंच. मोजून तेवढंच. आणि आणखी एक टाकी असते, नारळाच्या करवंटीच्या कोळशाची. पाण्यातला वास आणि रंग तो कोळसा आपल्या अंगाला लावून घेतो. तुला ती टाकी लगेच पटते. "हा बरा. घेतो आन गप ऱ्हातो."

डाळ मेणासारखी शिजली. तुझा चेहरा उजळला, पण भाताकडे बघून तू कपाळाला आठी घातलीस, कारण भातावर पिवळी झाक आली होती. "सोडा घातलायस?" मऊ केलेल्या पाण्याने तसं होतं, चुन्याच्या जागी सोड्याचा अंश येतो, हे मी सांगितलं. मग तू फुलपात्रातून घोट घेतलास, तोंडात फिरवलास आणि गिळलास. "पानी वाईट नाय. पन ह्या पान्याला गाव नाय." मी हसले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, माझी आई असं म्हणाली म्हणून. तेही हसले. त्या हसण्यात तुझी थट्टा नव्हती असं मी अनेकदा स्वतःला सांगितलं आहे. थोडी असावी.

पुढचं तुला माहीत आहे, शेवटचा भाग सोडून. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, आणि घर म्हणजे माझी खोली, कारण वाडीपर्यंत तुला नेता येण्यासारखं नव्हतं. तू काही खात नव्हतीस. एका रात्री म्हणालीस, "वरचं पानी." आबा पहाटे निघाले. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे मिळेल ते वाहन, मग चढ, मग तेवढंच परत. ते संध्याकाळी कॅन घेऊन दारात आले तेव्हा दुपारीच तू गेली होतीस. तुझ्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं, त्याच फुलपात्रातून, आणि ते कारखान्यातलं होतं. आबांनी ते विचारलं नाही, पण स्टोव्हशेजारचा कॅन त्यांनी बघितला. स्मशानात मी नव्हते. कुडपणच्या मामाने नंतर सांगितलं की दादाच्या खांद्यावरच्या मडक्यात आबांनी नदीचं पाणी भरू दिलं नाही. स्वतः आणलेलंच भरलं, आणि मडक्याला भोक पाडल्यावर धार संपेपर्यंत खाली बघत राहिले.

म्हणून आबा त्या झऱ्यावर का जातात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मला त्यांना थांबवायचं होतं.

कारखान्यात मऊ पाण्याची एक जुनी, लहान टाकी बदलायला निघाली, ती मी रीतसर मागून घेतली. नवे मणी भरले, शेजारच्या टाकीत करवंटीचा कोळसा भरला. आबांच्या नव्या वसाहतीतल्या माणसांनी नळ जोडले. पाण्याच्या मोठ्या टाकीजवळचं शेवटचं घर एका वहिनींचं आहे. त्यांचे यजमान मुंबईला असतात. मण्यांना मिठाच्या पाण्याची धुणी त्यांनी द्यायची असं ठरलं. त्यांनी पहिल्याच दिवशी मला ऐकवलं, "ताई, तुमचं मशीन आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त मीठ खातंय. म्हाताऱ्यांना डॉक्टर मीठ बंद करतात, ह्याला कोन सांगनार?" आठवड्याभरात घराघरांत डाळ शिजायला लागली. लोक मला चहाला बोलवायला लागले. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची शंकाही आली.

मग एका रविवारी पाणी पुन्हा कठीण. वहिनींनी मणी धुतलेच नव्हते. मी सांगितलं होतं की संध्याकाळी, सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर धुवा.

"दिवेलागनीला मीठ घराबाहेर काढतात काय कोन?" त्या म्हणाल्या. "शेजारनीला चिमूटभर देत नाय आम्ही, आन तुम्ही गोनीच्या गोनी सोडायला सांगताय."

हे मला माहीत असायला हवं होतं. तुझ्याच घरात वाढले मी. एकदा माझ्या हातून मिठाचा वाडगा सांडला तेव्हा तू पाठीत धपाटा घातला होतास. "मेल्यावर हे पापन्यांनी येचायला लागंल, आत्ताच येच." आणि मी इतकी वर्षं कारखान्यात गोणी फोडून मीठ टाकीत ओतते आहे, ते शेवटी गटारालाच जातं, आणि कधी एकदाही मनात आलं नाही. मी वहिनींना म्हटलं, बरं, सकाळी धुवा. त्या कबूल झाल्या.

पण सकाळीही मीठ गटारात सोडायला त्यांचं मन होईना. मीठ म्हणजे लक्ष्मी. वसाहतीच्या मागे प्रत्येकाने माडाची रोपं लावली होती, आणि माडाच्या बुंध्यात आपण मूठभर खडेमीठ घालतोच. तेव्हा वहिनींनी धुण्याच्या पाण्याची नळी त्या माडांकडे वळवली. मूठभराच्या जागी टोपलीभर मीठ, वर मण्यांनी सोडलेला सगळा चुना. दोन माडांच्या मधे तुझी जास्वंद होती. आबांनी वरच्या अंगणातली फांदी आणून लावलेली. तिला पहिल्या कळ्या आल्या होत्या. आधी पानांच्या कडा जळाल्या, मग पानं गळाली, मग काठी उरली. वहिनी माझ्यापुढे डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. आबाच त्यांना म्हणाले, "रडू नको गो. खारवलेली कैरी बघितली होती, खारवलेली जास्वंद बघायची ऱ्हायली होती." रात्री जेवताना मात्र त्यांनी ताटात वरून मीठ वाढून घेतलं नाही.

वहिनींचं काय चुकलं? मीच त्यांना सांगितलं नव्हतं की चुना पाण्यातून गेला म्हणजे जगातून गेला नाही. तू त्या दुपारी एका वाक्यात ओळखलं होतंस, आणि मी रोजच्या अहवालात अजून 'कठीणपणा काढला' असंच लिहिते.

नळी परत गटाराकडे वळवली. आता उरले आबा. डाळ शिजली, पण ते वर जायचे थांबले नाहीत. माझ्या पाण्याला ते एका शब्दात बाद करायचे. "मचूळ." मी त्यांच्या कॅनमधलं झऱ्याचं पाणी बाटलीत घेऊन गेले आणि तपासलं. त्यात चुना अगदी थोडा होता, पण होता. तेव्हा मी टाकीला वळसा देणारी एक तोटी बसवली आणि थोडं बोअरचं पाणी तसंच्या तसं मिसळलं. चुना मोजायला औषधाचे थेंब टाकतात, ते दोन्हीकडे सारखेच लागले. पण पाण्यात एकूण काय काय विरघळलं आहे त्याचा आकडा दाखवणारं पेनासारखं एक यंत्र असतं, त्याचा आकडा जुळेना. मणी अदलाबदल करतात, वजा करत नाहीत. मग पावसात छपराचं पाणी पिंपात धरून तेही मिसळायला लागले. त्यांच्या रक्तदाबाला सोडियम किती जातंय याचा हिशेब करून ते आणखी पातळ केलं. दर रविवारी नवी बाटली, तुझं फुलपात्र आणि आबा.

"हे गिळगिळीत हाय."

"ह्याला कोळशाचा वास येतोय. चिलीम धुतलीस काय ह्यात?"

"आज पान्याला ताप आल्यागत वाटतंय."

"तू पानी करतंस का काढा?"

मला त्या रविवारांची सवय झाली होती. खरं सांगायचं तर लहानपणापासून आबा माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. ते घोट घ्यायचे, डोळे बारीक करायचे, मी उत्तराची वाट बघायचे, आणि दोघांनाही माहीत होतं की सोमवारी ते कॅन घेऊन वर जाणार. पाऊस वाढत चालला होता. रात्री महाडला पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की मी उठून बसायचे.

आणि भर पावसाळ्यात एका रविवारी त्यांनी घोट घेतला, दाराबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "हां. हेच."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? झऱ्याचंच हाय हे. आता वर कशाला जाऊ मी?"

मी रडले. त्यांनी "येडी का काय" म्हणून तोंड फिरवलं. महाडला आल्यावर कारखान्यात पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर पाण्याचे म्हटलं, आणि या वेळी सगळ्यांबरोबर मीही हसले. वहीत त्या दिवशी एकच शब्द लिहिला आहे, 'जमलं'. वहिनींनी फोनवर सांगितलं की आबा खरंच जात नाहीत, दुपारी रस्त्याच्या कडेला बाकावर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघतात. पावसाळा सुखाने गेला. पत्र्यावर पाऊस वाजला तरी मी झोपत होते.

पाऊस संपला तसं पिंपातलं छपराचं पाणीही संपलं. मिश्रण बिघडलं. यंत्रावरचा आकडा आधीच्या जागी गेला, म्हणजे आबा ज्याला मचूळ म्हणायचे तिथे. मी काही न बोलता ते पाणी फुलपात्रात ओतून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "हेच."

मला स्वस्थ बसवेना. वय झालं, जीभ गेली, असं मनाशी म्हणून सोडून देता आलं असतं. दुसऱ्या एखाद्या मुलीनं सोडून दिलं असतं आणि ते बरंच झालं असतं. मला मात्र झऱ्याचं पाणी आणून दोन्ही शेजारी ठेवून बघायचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत, पोलादपूरला उतरून, आबांच्या घरी न जाता मी सरळ वर गेले.

भेग ओलांडते. घरांना दारं नाहीत, लोकांनी काढून नेली. आपल्या अंगणात जास्वंद अजून आहे, लाल फुलांनी भरलेली. तिथून झऱ्याकडे जाणारी पायवाट वळते, आणि वळल्यावर वाट नाही. वरचा उतार बसला आहे. तांबडी माती, तिच्यात घराएवढे दगड, मुळांसकट उलटलेलं झाड. कपार नाही, झरा नाही, तू घागर टेकवायचीस तो दगड नाही. मी जन्मल्यावर तू ज्या पाण्याला हळदकुंकू वाहायला गेली होतीस, ते पाणी ढिगाऱ्याखाली कुठे आहे ते ऐकायला मी उभी राहिले. काही ऐकू येत नव्हतं. मातीवर गवत कमरेएवढं वाढून पिकायला आलं होतं. म्हणजे हे आत्ताचं नाही, भर पावसातलं. ढिगाऱ्याच्या कडेला एका दगडावर कुणीतरी नारळ फोडला होता. करवंटी पावसाने काळी पडली होती. त्या वाडीवर आबांशिवाय कुणी जात नाही.

तेव्हा मला तो रविवार कळला. ते आधीच वर जाऊन आले होते. रिकामा कॅन घेऊन उतरले होते. मग मी बाटली घेऊन आले, आणि माझ्या पाण्याला ते "हेच" म्हणाले, कारण दुसरं कुठलं उरलं नव्हतं. की मी रोज घाबरते म्हणून म्हणाले? की माझं इतके महिने चाललेलं बघवलं नाही म्हणून? मी या तिन्हींचा पुष्कळ विचार केला आहे आणि ठरवू शकलेले नाही. माझी इच्छा मात्र पुरी झाली होती. ते वर जाणार नव्हते. डोंगर खाली आला होता आणि त्याच्याखाली माझे वडील नव्हते. पेढे वाटण्यासारखंच होतं सगळं.

खाली आले तेव्हा आबा ओटीवर होते.

"कुठं गेलतीस?"

"महाडला जरा काम होतं. उशीर झाला."

त्यांनी माझ्या चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाय धू," म्हणाले. "हितं तांबडी माती नाय."

बास. मी मोरीत जाऊन पाय धुतले. साबणाला भरपूर फेस आला.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना मागच्या दारी गाठलं. आबांच्या देव्हाऱ्यामागे एक पांढरा कॅन ठेवलेला मी आदल्या रात्री पाहिला होता, तोंडाला धोतराची पट्टी बांधलेला, अर्ध्याहून थोडा जास्त भरलेला. मी त्याबद्दल विचारलं.

"त्याला हात लावू नका ताई. ते वरचं शेवटचं पानी हाय, आदल्या खेपेचं. जाताना त्यांच्या तोंडात घालायचं. दोन चमचे पुरे म्हनाले, बाकीचं मडक्यात." मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "लेकीला सांगू नको म्हनून शपथ घातलीय मला."

आबा बरे आहेत. खोकला आहे थोडा. रविवारी मी जाते, फुलपात्र भरून देते, ते "हेच" म्हणतात आणि आम्ही दुसरं काही बोलतो. हे सगळं तुला झऱ्यापाशी बसून वाचून दाखवायचं मनात होतं, दुसरी कुठली जागा तुझी म्हणून मला माहीत नाही. नदीवर तुझी राख गेली, पण नदीवर तू कधी पाण्याला आली नव्हतीस. तेव्हा हे इथे वहीतच राहील.

एक सांगायचं राहिलं. परवा आबा दुपारी बाकावर जाऊन बसले असताना मी तो कॅन खाली काढला. तपासण्यासाठी, असं तेव्हा मनात म्हटलं. फुलपात्रभर पाणी काढलं. यंत्र बुडवलं, आकडा नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खाली होता, झऱ्याचाच. मग ते मी प्यायले. तोंडात फिरवून, तुझ्यासारखं, सावकाश. नंतर नळाचं प्यायले. पुन्हा थोडं कॅनमधलं. आई, यंत्राला फरक कळला, मला कळला नाही. तुला एका घोटात कळला असता. तेवढ्यात रस्त्यावरून आबांचा खोकला ऐकू आला. कॅनमधली पातळी खाली गेलेली दिसत होती. मी फुलपात्र नळाखाली धरून भरलं, कॅनमध्ये ओतलं, पट्टी होती तशी बांधली आणि कॅन देव्हाऱ्यामागे ठेवला. घेतलं तेवढं घातलं.